रणदिवे मॅडमचा अर्धा तास

रणदिवे मॅडम गेल्याचं सोसायटीच्या ग्रुपवर आलं, तेव्हा मी ऑफिसात एका खोकल्याच्या औषधाच्या लेबलावरचं शुद्धलेखन तपासत होतो. बातमीखाली जोडलेल्या हातांची चित्रं पडायला लागली. मग बी विंगमधल्या कुणीतरी 'मॅडमची आठवण' म्हणून दोन ओळी टाकल्या :

अर्धा तास आधी, अर्धा तास नंतर,
दूध आणि डोसमधे ठेवा अंतर.

त्या ओळींना बातमीपेक्षा जास्त हात जोडले गेले.

या ओळी मॅडमच्या नाहीत, माझ्या आहेत. माझ्या नावावर एक कवितासंग्रह आहे. त्याच्या प्रती आमच्या पलंगाखालच्या कप्प्यात सुखरूप आहेत आणि त्यातली एकही ओळ कुणाला पाठ नाही, मलासुद्धा. लोकांना पाठ असलेली माझी कविता ही एवढीच, आणि ती चुकीची आहे. वृत्तात चुकली असती तर मी खपवून घेतलं असतं. ती मजकुरात चुकली आहे. मॅडमनी शेवटची वर्षं ही कविता लोकांच्या डोक्यातून काढण्यात घालवली, आणि श्रद्धांजलीला नेमकी तीच आली. हे पाहून त्या पोट धरून हसल्या असत्या, असं मला वाटतं.

अर्थात 'वाटतं' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "मॅडम, बाळाला ताप असल्यासारखं वाटतंय," असं एखादी आई म्हणाली की त्या थर्मामीटर पुढे करत. "वाटायचं ते पाट्यावर. दवाखान्यात मोजायचं."

डॉ. हेमलता रणदिवे ऐरोलीत आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहायच्या. लहान मुलांच्या डॉक्टर. उंची जेमतेम, कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात मुलीनं टाकून दिलेले स्पोर्ट्स शूज. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन कोल्हापूरला. सकाळी ऐरोलीत स्वतःचा दवाखाना आणि दुपारी दिघ्यात एका ट्रस्टच्या दवाखान्यात काम. दिघ्याच्या वस्तीत कारखान्यांतल्या कामगारांची घरं दाटीवाटीनं चढत गेली आहेत. तिथल्या चढावर मॅडम माझ्यापुढे दहा पावलं असायच्या आणि वर बोलतही असायच्या.

त्यांची एक खोड होती. बाळ काट्यावर ठेवण्याआधी त्या दोन्ही हातांवर तोलायच्या आणि वजनाचा अंदाज जाहीर करायच्या. तो सहसा चुकायचा. काटा वेगळंच काही सांगायला लागला की त्यांचा चेहरा खुलायचा. "बघा, पुन्हा चुकले." समोरच्या आईला कळायचं नाही की हसावं की डॉक्टर बदलावा. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "सकाळी सकाळी एकदा तोंडावर आपटलं की दिवसभर डोकं ठिकाणावर राहतं. तुम्ही पण करून बघा, कवी."

मला त्या कवीच म्हणायच्या. हे कौतुक आहे की निदान, हे मी कधी विचारलं नाही.

दुसरी खोड म्हणजे समजावण्याची. कुणालाही वैद्यकीय गोष्ट सांगायची तर ती त्याच्याच धंद्याच्या भाषेत सांगायची, असा त्यांचा हट्ट. न्हावा शेव्याच्या बंदरात कस्टममधून माल सोडवण्याचं काम करणारा एक गृहस्थ पाच महिन्यांच्या मुलीला घेऊन आला. शेजारच्या इमारतीत गोवर निघाला होता आणि त्याला मुलीला गोवरचं इंजेक्शन आजच्या आज हवं होतं. मॅडम म्हणाल्या, "हे बघा, पोटात असताना आईनं नाळेतून बाळाला स्वतःची ताकद दिलेली असते. ती म्हणजे तुमचा कस्टमचा अधिकारी. बाहेरचं काही आलं की तो अडवतो. रोगाला अडवतो, तसाच लसीलाही अडवतो. आत्ता दिलेली लस तो गेटवरच जप्त करील."

गृहस्थ थोडा विचार करून म्हणाला, "मॅडम, मग काय टेन्शन नाय. कस्टममधून सगळं सुटतं."

मॅडम इतक्या हसल्या की बाहेरच्या बाकावरची मुलं रडायची थांबली. दुसऱ्या दिवसापासून कस्टम गेलं आणि वॉचमन आला. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नातवाला घेऊन गेले तेव्हा त्यांना सांगितलं, "आईची ताकद म्हणजे वॉचमन. लस म्हणजे नवा डिलिव्हरीवाला. वॉचमन त्याला वर सोडत नाही."

सेक्रेटरी म्हणाले, "आपला वॉचमन तर झोपलेला असतो."

"तेच तर. तो झोपायचीच वाट बघायची. गोवरच्या बाबतीत साधारण नऊ महिन्यांनी तो पुरता झोपतो, म्हणून तेव्हा इंजेक्शन."

"आणि तो झोपल्यावर, डिलिव्हरीवाला यायच्या आधी चोर आला तर?"

मॅडमनी हातातला स्टेथोस्कोप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "सेक्रेटरी, सगळ्या जगाचे डॉक्टर याच प्रश्नावर अडकलेत. तुम्ही चुकून बरोबर ठिकाणी आलात." सेक्रेटरींनी हे वाक्य पुढच्या सर्वसाधारण सभेत सांगितलं. अर्धंच.

आता माझी कविता. गणेशोत्सवात सोसायटीच्या मंडपात मी खाडीवरच्या फ्लेमिंगोंवर दीर्घकविता वाचली. तिसऱ्या कडव्याला लोक पावभाजीच्या रांगेकडे सरकले. शेवटी समोर रिकाम्या खुर्च्या आणि त्यांच्या मधोमध मॅडम उरल्या. मी भारावून जवळ गेलो. त्या म्हणाल्या, "मी झोपले होते. पण तुमच्या यमकांनी मधून मधून जाग येत होती. यमकं चांगली आहेत. माझं एक काम कराल का?"

काम असं होतं. पोलिओचे आणि जुलाबाचे, म्हणजे रोटाव्हायरसचे, डोस बाळांना तोंडावाटे देतात. श्रीमंत देशांत हे डोस जितके लागू पडतात, तितके आपल्याकडच्या गरीब वस्त्यांमधल्या बाळांना पडत नाहीत. घ्यावेत तर नक्कीच, पण असर कमी. मॅडमना याचं कारण सापडल्यासारखं झालं होतं. वस्तीतल्या आईनं आयुष्यभर हे सगळे जंतू पचवलेले असतात. तिच्या दुधात त्यांच्याशी लढणारी ताकद भरपूर असते. प्रयोगशाळेत काचेच्या नळीत असं दूध आणि लस एकत्र केली तर दूध लसीला निकामी करतं. तेव्हा डोसच्या आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास अंगावर पाजू नये, म्हणजे लसीला वाट मोकळी मिळेल. सरकारी सूचनांत असं काही नव्हतं. तिथे केव्हाही पाजा असंच होतं. पण मॅडमचा विचार इतका नेटका होता की त्यात शंका काढण्याजोगं मला काही दिसलं नाही. मला खरं तर त्यात 'नंतर' दिसलं होतं आणि 'नंतर'ला 'अंतर' जुळतं हे दिसलं होतं.

मी पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लेबलं छापणाऱ्या प्रेसमध्ये मुद्रितशोधक आहे. मालकांनी धर्मादाय म्हणून लेबलाच्या कागदावर पोस्टरं छापून दिली, मागे आमचा प्रसिद्ध गोंद लावून. बाटली फुटेल पण लेबल सुटणार नाही, असं मालक गिऱ्हाइकांना सांगतात. दिघ्यापासून घणसोलीपर्यंत जिथे म्हणून बाळांना डोस देत, तिथे ती लागली. मॅडम नर्सना शिकवायला जायच्या, तिथेही माझ्या ओळी म्हणून घ्यायच्या. दिघ्यातल्या बायकांनी तर त्यांना चाल लावली.

त्या काळात मी बिघडलो. शनिवारी सुट्टीच्या दिवशी पोस्टरं पोचवण्याच्या निमित्तानं मी दिघ्याच्या दवाखान्यात जाऊन बाकावर बसायचो. कुणी बाई त्या ओळी गुणगुणली की चष्मा पुसायचो. माझी बायको मेधा म्हणायची, "रडणाऱ्या पोरांत तू एकटाच खूश असशील." ते खरं होतं. अर्धा तास दुधावाचून ठेवलेली बाळं किंचाळत असायची, आया त्यांना झुलवत असायच्या आणि मी त्या गदारोळात स्वतःची लोकप्रियता ऐकायचो.

अशाच एका शनिवारी सुरेखा आली. वस्तीतलीच, पहिलटकरीण, बरोबर सासू गयाबाई. काही दिवसांपूर्वीच तिच्या मुलाला डोस देऊन झाला होता. आता मूल तिच्या खांद्यावर कापडासारखं पडलं होतं. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. मॅडमनी त्याचं वजन हातावर तोललं नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती सावकाश खाली बसली.

"जुलाब कधीपासून?"

"परवापासनं."

"अंगावर पितोय ना?"

सुरेखानं सासूकडे बघितलं. गयाबाई म्हणाल्या, "न्हाय पाजत. डब्याचं देतोय."

"दूध का तोडलंस?"

"डोस दिला तवापासून," सुरेखा म्हणाली.

"मी अर्धा तास म्हटलं होतं."

"हो मॅडम. पण माझं दूध लसीला मारतं ना? मग जे लसीला मारतं ते लेकराला काय करल, असं आलं मनात. म्हणलं, थोडे दिवस लांबच ठेवावं."

गयाबाईंनी भिंतीकडे बोट केलं. "तितं लिवलंय की, अंतर ठेवा म्हणून. आमाला वाचता कुटं येतं. पर गानं पाठ हाय."

मॅडमनी तिथेच चमच्यानं पाणी पाजायला सुरुवात केली आणि मला रिक्षा आणायला पाठवलं. हॉस्पिटलात पोरग्याला सलाइन लागलं. हातात शीर मिळेना, पायात मिळाली. सुरेखा भिंतीला टेकून उभी होती. तिचा ब्लाऊज दुधानं भिजला होता आणि ती पदर ओढून ओढून ते झाकत होती. मी दुसरीकडे बघत राहिलो. संध्याकाळी मुलाला लघवी झाली आणि तिथला डॉक्टर म्हणाला की धोका टळला. तेव्हा गयाबाई खाली बसल्या आणि प्रथमच रडल्या.

परतताना रिक्षात मी म्हणालो, "मॅडम, तिचा गैरसमज झाला."

"गैरसमज तिचा," त्या म्हणाल्या, "पण समज माझा."

स्वतःची चूक पाहून हसणारी बाई त्या दिवशी हसली नाही. पुढचे काही दिवस वरच्या मजल्यावरून खुर्ची सरकण्याचा आवाज तेवढा यायचा. त्यांनी कुठेकुठे फोन लावले, जुन्या सहकाऱ्यांकडून शोधनिबंध मागवले. एका रविवारी सकाळी त्यांनी जिन्यातून हाक मारली, "कवी, वर या."

टेबलावर कागद पसरले होते. चहा समोर ठेवून त्या म्हणाल्या, "आपली कविता चुकली."

मी विचारलं, "कुठल्या ओळीत?"

"दोन्ही."

मग त्यांनी सांगितलं. हे खरोखर करून बघितलेल्या लोकांनी काही बाळांना डोसच्या आसपास दूध दिलं, काहींना दिलं नाही, आणि मग दोघांची रक्तं तपासली. आपल्याकडे, आपल्यासारख्या देशांत. दूध थांबवल्यानं काही फायदा दिसला नाही. काचेच्या नळीत दूध लसीला अडवतं. बाळाच्या पोटात अर्धा तास थांबून काही साधत नाही.

"मग आपल्या पोरांना डोस कमी का लागतो?"

"बरीच कारणं सांगतात. जन्माआधी नाळेतून आलेली आईची ताकद, तिचा हात बहुतेक आहेच. पोटातले बाकीचे जंतू, खाणंपिणं, पाणी. नेमकं किती कशामुळे, ते मला माहीत नाही." त्या कागदांकडे बघत राहिल्या. "आयुष्यभर लोकांना ऐकवलं, वाटायचं ते पाट्यावर. आणि ही एक गोष्ट मी स्वतः वाटली आणि सगळ्यांच्या ताटात वाढली."

मी सांत्वन म्हणून, आणि थोडं स्वतःसाठीही, म्हणालो, "मॅडम, नवं करू या. 'डोसाआधी, डोसानंतर, दूध पाजा निरंतर.'" मला ते जिना चढतानाच सुचलं होतं की काय, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"छान आहे. नको."

"का?"

"गाणं पाठ झालं की माणूस विचारायचं थांबतो. गाणं नसतं तर सुरेखानं मला येऊन विचारलं असतं, माझं दूध वाईट आहे का. आता आपण गद्यात जाऊ."

इतक्या सौम्य शब्दांत माझी काव्यकारकीर्द कुणी संपवली नव्हती.

आम्ही पोस्टरं काढायला निघालो. मालकांची जाहिरात खरी होती, हे मला तेव्हा कळलं. पत्रा घेऊन खरवडलं, रॉकेल लावलं, गरम पाणी मारलं. कागद निघे, गोंद राही. गोंद निघाला की रंग निघे. एका ठिकाणी तर भिंतीचं प्लास्टर आलं आणि तिथल्या शिपायानं आम्हाला हाकललं. दिघ्यात सगळं निघालं, फक्त 'अंतर' एवढा शब्द राहिला. त्याच्यावर मॅडमनी कॅलेंडर लावलं.

मग त्यांनी दिघ्याच्या समाजमंदिरात बायकांना बोलावलं. ट्रस्टच्या लोकांचं म्हणणं होतं की जाहीर बोलू नका; नुसतं सांगणं बंद करा, लोक विसरतील. मॅडम म्हणाल्या, "त्यांना पाठ आहे. कसे विसरतील?"

बायका सतरंजीवर बसल्या. मी दाराशी चपलांच्या ढिगापाशी उभा होतो, ज्या जागेला आता मी लायक होतो. मॅडमनी प्रस्तावना केली नाही.

"मी तुम्हाला सांगितलं होतं, डोसच्या आधी आणि नंतर पाजू नका. ते मी चुकीचं सांगितलं. तुमची बाळं मी विनाकारण रडवली. आता डोसच्या आधी पाजा, नंतर पाजा, बाळ मागेल तेव्हा पाजा. डोस मात्र एकही चुकवू नका."

मागून एकीनं विचारलं, "मग तवा का सांगितलं?"

"मला खात्री झाली होती. तपासलं नव्हतं."

मला वाटलं आता कुणीतरी ओरडेल. एक जण उठून निघूनही गेली, दारात माझ्या अंगावरून, तोंडातल्या तोंडात काही बोलत. मग सुरेखा उभी राहिली. मुलगा कडेवर होता, पुष्कळ सावरलेला, आईचं मंगळसूत्र तोंडात घालून.

"मॅडम, मग माझं दूध चांगलं हाय ना?"

"चांगलं आहे."

"जरा मोठ्यानं सांगा. आत्यांना कमी ऐकू येतं."

मॅडम माइकशिवाय शेवटच्या भिंतीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सुरेखाचं दूध चांगलं आहे. त्यात काहीही वाईट नाही. कधीच नव्हतं."

गयाबाई खाली मान घालून म्हणाल्या, "मला ऐकू येतं." थोड्या वेळानं त्यांनी सुनेच्या कडेवरचं मूल घेतलं, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला आपल्याजवळ बसवलं.

ऐरोलीत मात्र हे पचलं नाही. 'त्या डॉक्टरचं काय खरं नाय, आज एक सांगतात, उद्या दुसरं,' असं झालं. शिकलेल्या आयांनी दुसरा डॉक्टर बघितला. सकाळी भरलेला असणारा बाक हळूहळू ओस पडला. मी एकदा दुपारी डोकावलो, तर मॅडम रिकाम्या दवाखान्यात शेंगा सोलत बसल्या होत्या. "या कवी. वेटिंग नाही." मी हसलो नाही, तर म्हणाल्या, "अहो, तुमच्या कार्यक्रमाला पण खुर्च्या रिकाम्या होत्या. तुम्ही वाचायचं थांबलात का?" थांबायला हवं होतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पुढे गुडघ्यांनी साथ सोडली आणि त्यांनी दवाखाना बंद केला. दिघ्याला मात्र जमेल तेव्हा जात राहिल्या.

पुढे आम्हाला मुलगी झाली. मेधाचं माहेर घणसोली गावातलं. बाळंतपण तिथेच होतं. पहिल्या डोसला आम्ही तिथल्या आरोग्य केंद्रात गेलो. मुलगी भुकेनं कळवळली म्हणून मेधानं तिला पदराखाली घेतलं, तोच सिस्टर धावत आल्या. वनिता सिस्टर, तिथल्याच गावच्या, चाळिशीच्या, कामाला चोख.

"थांबा ताय. आता नाय पाजायचा. अर्धा तास आधी, अर्धा तास नंतर—"

मी म्हणालो, "सिस्टर, ते चुकीचं आहे."

"तुमी डाक्टर हाव का?"

"नाही."

"मंग?"

"ती कविता माझी आहे."

सिस्टरनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं रांगेतल्या सगळ्या बापांमध्ये हा एकच तपासायला हवा. मेधा म्हणाली, "खरंच ह्याची आहे. ह्याची खपलेली एकच गोष्ट, ती पण हा परत मागतोय." पण सिस्टर बधेनात. मुलगी रडून लाल झाली. शेवटी मी बाहेर जाऊन मॅडमना फोन केला. मला वाटलं त्या फोनवर बोलतील. त्या म्हणाल्या, "पत्ता सांगा."

ऊन मी म्हणत होतं. त्या रिक्षातून उतरल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात छत्री. आत येऊन त्यांनी सिस्टरना विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"आमाला रनदिवे मॅडमनी शिकवलेला हाय."

"ती चुकली होती."

वनिता सिस्टरचा आवाज चढला. "असा बोलू नका बाई. लय मोठ्या डाक्टर व्हत्या त्या."

"मोठी कसली, पाच फूट पण नव्हती. तिनं तपासल्याशिवाय सांगितलं. नंतर तिला कळलं, पण तुमच्यापर्यंत यायला तिला उशीर झाला."

"तुमाला काय म्हाईत?"

"मीच ती."

सिस्टर बघत राहिल्या. मधल्या काळात मॅडम खूपच वाळल्या होत्या, केस पांढरे झाले होते. ओळख पटायला वेळ लागला. मग सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, किती बायांना सांगितला मी. रोज सांगते. पोरा रडतान, आया माज्यावर चिडतान, तरी सांगते. तुमी शिकवला म्हनून."

मॅडमनी काठी टेबलाला टेकवली आणि सिस्टरचे दोन्ही हात धरले. "मला माहीत आहे. रागवा माझ्यावर."

सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मॅडम म्हणाल्या, "खुर्ची राहू दे. आधी हिला पाजू दे." मेधानं मुलीला घेतलं. खोलीत इतकी शांतता झाली की गिळण्याचा आवाज ऐकू आला. मग सिस्टरनी डोस दिला, मुलीनं तोंड वेडंवाकडं केलं आणि परत आईकडे वळली.

मी म्हणालो, "चला मॅडम, ऐरोलीला सोडतो."

"तुम्ही व्हा पुढे. त्या ट्रेनिंगला अजून कोण कोण होतं, ते मला वनिता सांगणार आहे. आणि बाहेर अजून बायका येतायत."

आम्ही रिक्षात बसलो. वळताना मी मागे पाहिलं. केंद्राच्या पायरीपाशी एक तरुण आई आली होती, कापडात गुंडाळलेलं बाळ रडत होतं. मॅडम तिला काही सांगत होत्या. ती आधी साशंकपणे आतल्या दाराकडे बघत राहिली, मग पायरीवर बसली आणि बाळाला पदराखाली घेतलं. रस्त्यावरून टेम्पो जात होते, समोर पानाच्या टपरीवर माणसं उभी होती. मॅडमनी छत्री उघडली, ती आडवी धरली आणि रस्त्याकडे तोंड करून त्या तिच्यापुढे उभ्या राहिल्या. छत्रीच्या वरून त्यांचं फक्त कपाळ दिसत होतं. बाळाचं पिणं होईपर्यंत त्या तिथून हलल्या नसणार. आमची रिक्षा तोवर नाक्याच्या पुढे गेली होती.